औषधांचीं दुकानें व त्यांचीं दप्तरें
(धरणगांवच्या निमित्तानें साखळी-दुकानांचा विचार)

(१)

इ. स. १६७४ मध्यें धरणगांवीं इंग्रजांची वखार होती. पुढच्याच वर्षीं, आणि पुन्हां १६७९ मध्यें, मराठ्यांच्या फौजांनीं ही पेठ लुटली. चोपडें व धरणगांव हीं त्या काळीं या प्रांतांतील अत्यंत भरभराटीचीं व्यापारी ठिकाणें होतीं, असें खानदेशच्या ग्याझेटिअरांत (१८८०) नमूद आहे. हा मजकूर आपल्या हातीं कोणत्या मार्गानें आला, हें पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. वखारींतील इंग्रज सुरतेच्या मुख्य ठाण्यास पत्रें लिहीत. सुरतकर लंडनास लिहीत. लंडनास हे कागद जपून ठेविले गेले, आणि पुढें त्यांचे सारांश व उतारे छापून निघाले. ज्या विणकरांनीं कापड विणलें आणि ज्या दलालांनीं तें वखारींत आणून घातलें, त्यांच्या वह्यांना असें मुख्य ठाणें नव्हतें. परिणामीं धरणगांवच्या बाजाराची हकीकत आपण परक्या गिऱ्हाइकाच्या दप्तरांतून वाचतों, गांवच्या विक्रेत्याच्या नव्हे.

एका मालकाचीं अनेक ठिकाणीं दुकानें, सर्वांची खरेदी एका हुकुमानें आणि सर्वांचा हिशेब एका ठाण्यास, अशी जी रचना तिला हल्लीं साखळी-दुकानें म्हणतात. औषधविक्रीच्या धंद्यांत ही रचना अमेरिकेंत कशी वाढली, आपल्याकडे ती येण्यास इतका विलंब कां लागला, आणि ती येत असतां इतिहाससंशोधकाचा त्यांत काय संबंध, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखकाचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, दुकानाची मालकी दूर गेली म्हणजे दुकानाचें दप्तरही दूर जातें किंवा नाहींसें होतें. आपल्या पेठांतील जुन्या औषधविक्रेत्यांचे जे कागद अद्याप माळ्यावर असतील, ते गोळा करण्यास हाच अवधि आहे.

(२)

अमेरिकेंतील प्रकार प्रथम पाहूं. चार्ल्स वॉल्ग्रीन यानें १९०१ मध्यें शिकागो शहरांत, ज्या दुकानीं तो नोकरीस होता, तेंच दुकान विकत घेतलें. दुसरें दुकान होण्यास १९०९ साल उजाडलें. १९१९ पर्यंत मात्र दुकानांची संख्या वीसपर्यंत गेली, आणि १९२७ मध्यें कंपनीचे भाग बाजारांत विक्रीस आले. या वाढीचीं कारणें गूढ नाहींत. अनेक दुकानांची खरेदी एकत्र केली म्हणजे कारखानदार दरांत सवलत देतो, आणि स्वतःच्या नांवानें माल तयार करविला म्हणजे मधला नफा घरांत राहतो. शिवाय तेथील औषधांच्या दुकानांत सोडावॉटर, आइस्क्रीम व फराळ यांचाही व्यापार चाले, आणि औषधाकरितां न येणारें गिऱ्हाईकही त्यायोगें दुकानांत येई.

याच सुमारास बोस्टन येथील लुई लिगेट यानें दुसरी युक्ति काढली. त्यानें सुमारें ४० स्वतंत्र औषधविक्रेत्यांस एकत्र करून ‘युनायटेड ड्रग’ ही कंपनी उभी केली. भांडवल सर्वांचें, ‘रेक्सॉल’ या नांवाचा माल सर्वांचा, परंतु दुकान ज्याचें त्याचें. मालकी न बदलतां एकी करण्याचा हा प्रयोग होता. पुढें त्याच कंपनीनें स्वतःचीं दुकानें घेतलीं, इतकेंच नव्हे तर १९२० मध्यें इंग्लंडांतील बूट्स ही प्रसिद्ध साखळीही खरेदी केली, व १९३३ मध्यें ती पुन्हां इंग्रज भांडवलदारांस विकली. विक्रेत्यांच्या एकीसाठीं निघालेली संस्था स्वतःच मोठी मालक कशी होते, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

साखळी ही व्यापाराच्या ओघानें आपोआप बनते, असा समज पुष्कळांचा आहे. इतिहास पाहतां तो पुरा खरा ठरत नाहीं. कायद्यानें दार उघडल्याखेरीज ती बनत नाहीं. इंग्लंडांत १८८० मध्यें लॉर्ड्स सभेनें असा निर्णय दिला कीं, औषधविक्रीवर ज्या ‘व्यक्ती’स निर्बंध घातले आहेत त्या शब्दांत कंपनीचा समावेश होत नाहीं. परीक्षा उत्तीर्ण झालेला नोकर ठेवून कोणत्याही कंपनीस औषधें विकण्यास त्यामुळें मोकळीक मिळाली, आणि जेसी बूट यांच्या दुकानांचा विस्तार त्या मोकळिकीवरच झाला. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया संस्थानानें औषधाच्या दुकानाचे सर्व भागीदार औषधशास्त्रज्ञच असले पाहिजेत असा कायदा केला होता. तो तेथील वरिष्ठ न्यायालयानें १९२८ मध्यें रद्द ठरविला, आणि तो खटला लिगेटच्याच कंपनीचा होता. १९७३ मध्यें त्याच न्यायालयानें आपला जुना निर्णय मागें घेतला. तेव्हां प्रश्न होता नॉर्थ डाकोटा या शेतीप्रधान संस्थानाच्या १९६३ च्या कायद्याचा. दुकानाची बहुतांश मालकी औषधशास्त्रज्ञांकडेच असावी असा हा कायदा. तो उठवावा काय, असें २०१४ मध्यें तेथील मतदारांस विचारलें असतां त्यांनीं नकार दिला.

लहान दुकानदारांच्या बाजूचे कायदेही झाले. मोठ्या खरेदीदारास विशेष दर देण्यावर १९३६ च्या कायद्यानें निर्बंध आला, आणि कारखानदारानें ठरविलेल्या दरापेक्षां कमी दरानें माल विकूं नये अशा करारांस १९३७ च्या कायद्यानें मान्यता मिळाली. ही दुसरी मान्यता १९७५ मध्यें काढून घेण्यांत आली. तोंवर राइट एड (१९६२) आणि सी. व्ही. एस. (१९६३) या नव्या साखळ्या उदयास आल्या होत्या. रोग्याच्या औषधाचा पैसा विमा कंपनीनें द्यावयाचा व दर मध्यस्थ कंपनीनें ठरवावयाचा, अशी पद्धति रूढ झाल्यावर एकट्या दुकानदाराची बाजू फारच लंगडी पडली. २००७ मध्यें सी. व्ही. एस. नें अशा मध्यस्थांपैकीं केअरमार्क ही एक मोठी कंपनीच आपल्यांत मिळवून घेतली. म्हणजे दर ठरविणारा व माल विकणारा एकच झाला. वॉल्ग्रीननें २०१४ मध्यें बूट्सशीं एकीकरण पुरें केलें, आणि २०१७ मध्यें राइट एडचीं १,९३२ दुकानें घेण्याचा करार केला.

परंतु एकीकरण म्हणजे चिरंजीवित्व नव्हे. राइट एडनें २०२३ मध्यें व पुन्हां २०२५ मध्यें दिवाळें काढलें, आणि त्याच वर्षीं तिचीं उरलेलीं दुकानें बंद झालीं. शतकापूर्वीं एका दुकानापासून निघालेली वॉल्ग्रीन कंपनीही २०२५ मध्यें एका खासगी भांडवलदार संस्थेनें विकत घेतली. ज्या गांवीं साखळीनें जुनीं दुकानें बंद पाडलीं आणि मग साखळीही उठून गेली, त्या गांवीं औषध घेण्यास दुसऱ्या गांवीं जाण्याची पाळी आली.

(३)

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. काष्ठौषधींचा व्यापार आपल्याकडे फार जुना. गांधी किंवा पसारी यांच्या दुकानीं हिरडा, बेहडा, सुंठ, पिंपळी हे जिन्नस मिळत. योजना वैद्याची, माल दुकानदाराचा आणि काढा घरच्या चुलीवरचा, असा हा त्रिस्थळी व्यवहार होता. विलायती औषधांचीं दुकानें प्रथम मुंबईस झालीं. ट्रीचर, केंप यांसारख्या युरोपियन पेढ्यांचीं मोठीं दुकानें तेथें होतीं. त्यांपैकीं केंप कंपनी १८६८ ची. तिच्या दुकानावरून मुंबईंतील एका चौकास केंप्स कॉर्नर हें नांव पडलें आणि तें आजतागायत चालत आहे. परंतु या पेढ्यांचीं गिऱ्हाइकें मुख्यतः शहरांतील युरोपियन व सुखवस्तु लोक. तालुक्याच्या गांवीं शाखा काढून बसण्याचें त्यांस प्रयोजन नव्हतें.

मग दूरचें औषध धरणगांवसारख्या पेठेस पोंचलें कसें? शाखेच्या मार्गानें नव्हे, तर टपालाच्या व रेल्वेच्या मार्गानें. व्हॅल्यूपेएबल पद्धति १८७७ मध्यें सुरू झाली आणि वर्तमानपत्रांतील जाहिरात वाचून घरबसल्या औषध मागविणें शक्य झालें. हिंवतापावरील क्विनीनच्या लहान पुड्या सरकारनें बंगालमध्यें १८९२ पासून टपालकचेऱ्यांतून विकावयास आरंभ केला, आणि हा क्रम पुढें इतर प्रांतांतही गेला. एक माल, एक दर, एक मालक आणि गांवोगांव विक्रीचीं ठिकाणें, या लक्षणांनीं पाहतां आपल्याकडील औषधांची पहिली साखळी सरकारी टपालखात्याची होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं तापीकांठच्या रेल्वेनें धरणगांव सुरतेशीं व भुसावळशीं जोडलें गेल्यावर बाहेरच्या बाटल्यांची आवक सुलभ झाली.

देशी कारखानेही याच कालांतले. पनवेलचें धूतपापेश्वर १८७२ चें, संडू बंधूंचा कारखाना १८९९ चा, बडोद्याची अलेंबिक १९०७ ची, झंडू १९१० ची. यांचा माल गांवोगांव जाई तो एजंटांच्या व स्थानिक दुकानदारांच्या हस्तें. म्हणजे अमेरिकेंत जें दुकानाच्या पाटीचें झालें, तें आपल्याकडे बाटलीवरच्या चिठ्ठीचें झालें. नांव दूरचें, परंतु दुकान गांवचें, उधारी गांवची आणि खातेवहीही गांवची. आपल्या औषधविक्रीच्या इतिहासाचें हें मुख्य वैशिष्ट्य होय.

(४)

हें वैशिष्ट्य स्वातंत्र्योत्तर काळांतही टिकलें, त्याचीं कारणें तपासण्याजोगीं आहेत. औषधांतील भेसळीची चौकशी करण्यासाठीं सरकारनें १९३० मध्यें रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिचा अहवाल १९३१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९४० चा औषधांचा कायदा व १९४८ चा फार्मसीचा कायदा झाला. पहिल्यानें विक्रीस परवाना लागूं लागला. दुसऱ्यानें, डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदलेल्या औषधनिर्मात्यानेंच द्यावें असें ठरलें. दुकानाचा मालकही औषधनिर्माताच असावा, असें मात्र कायद्यानें म्हटलें नाहीं. म्हणजे पेन्सिल्व्हेनियाच्या धर्तीचा अडसर आपल्याकडे नव्हताच. साखळीस दार उघडें होतें. तरीही दीर्घकाळ त्यांतून कोणी मोठ्या प्रमाणावर आंत शिरलें नाहीं.

पहिलें कारण दरनियंत्रणाचें. १९७०, १९७९, १९८७, १९९५ व २०१३ या सालांच्या हुकुमांनीं अनेक औषधांचे दर बांधले गेले. नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा वांटा शेंकडा १६ धरण्यांत आला. वेष्टनावर छापलेल्या किंमतीपेक्षां अधिक घेतां येत नाहीं. कमी घेण्यास मनाई नाहीं. परंतु वांटाच बांधलेला असल्यामुळें सूट देऊन शेजारच्या दुकानदारास हटविण्यास वाव थोडा.

दुसरें कारण विक्रेत्यांच्या संघटनेचें. १९७५ मध्यें स्थापन झालेल्या अखिल भारतीय औषधविक्रेता संघानें देशभरच्या दुकानदारांस एका छत्राखालीं आणलें. लिगेटच्या चाळीस विक्रेत्यांनीं एकी केली ती एकत्र खरेदीसाठीं. आपल्याकडील एकी मुख्यतः संरक्षणासाठीं झाली, हा भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. तिला दोन बाजू होत्या. लहान दुकानदार तिच्यामुळें तगला, ही एक. कंपनीनें नवा घाऊक विक्रेता नेमण्यापूर्वीं संघटनेचें ना-हरकत पत्र घ्यावें, असा प्रघात पडला, ही दुसरी. हा प्रघात स्पर्धेस बाधक असल्याचा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगानें २०१३ मध्यें दिला. पुढें संगणकावरून घरपोंच औषधें विकण्याच्या विरोधांत संघानें २०१५, २०१७ व २०१८ या तीन सालीं देशभर एकेक दिवसाचा बंद पाळला.

तिसरें कारण उधारीचें. कापूस घरांत आला कीं पैसे देणाऱ्या शेतकऱ्यास आज औषध देणें, हें घराणें ओळखणाऱ्या दुकानदारासच परवडतें. मुंबईस किंवा हैदराबादेस बसलेल्या मालकाच्या नोकरास तो अधिकार नसतो. खानदेशांतील पेठांची घडण कपाशीच्या हंगामावर झाली असल्यानें या कारणास येथें विशेष वजन आहे.

(५)

तथापि काळ बदलला आहे. अपोलोचीं औषधांचीं दुकानें १९८७ पासूनचीं; हैदराबादची मेडप्लस २००६ ची; मुंबईची वेलनेस फॉरेव्हर २००८ ची. २०१४ मध्यें अपोलोनें हेटेरो कंपनीचीं दक्षिणेंतील दुकानें घेतलीं. २०२० मध्यें नेटमेड्स रिलायन्सकडे आणि २०२१ मध्यें वनएमजी टाटांकडे गेली. अमेरिकेंत ज्यास पाऊण शतक लागलें, त्याची सुरुवात येथें अशा रीतीनें तीन-चार दशकांत झालेली दिसते. दुसरीकडे २००८ मध्यें सुरू झालेल्या सरकारी जनऔषधि योजनेचीं केंद्रें २०२५ च्या आरंभीं १५,००० वर गेलीं. पाटी व माल सरकारी योजनेचा, परंतु केंद्र चालविणारा बहुधा स्थानिक मनुष्य. ही रचना वॉल्ग्रीनपेक्षां लिगेटच्या पहिल्या प्रयोगास अधिक जवळची आहे.

यांत चांगलें काय आणि वाईट काय, याचा निवाडा अर्थशास्त्रज्ञांनीं करावा. खऱ्या मालाची हमी, साठ्याची विपुलता व दरांतील सूट हे साखळीचे गुण नाकारण्याचें कारण नाहीं. आणि जुन्या दुकानांत सर्वच कांहीं सोन्याचें होतें असेंही नाहीं. संशोधकाची चिंता निराळी आहे.

(६)

ती चिंता दप्तराची. जुन्या औषधविक्रेत्याच्या दुकानांत पुढील प्रकारचे कागद असतात : डॉक्टरांच्या चिठ्ठ्या उतरून घेतलेलीं बुकें, घाऊक व्यापाऱ्यांच्या पावत्या व दरपत्रकें, उधारीच्या खातेवह्या, बाटल्यांवरील छापील चिठ्ठ्या, परवाने व तपासनिसांचे शेरे. नियमानें या नोंदवह्या शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षें राखल्या म्हणजे पुरे. त्यापुढें त्या रद्दींत गेल्या तर कायद्यानें कोणाचा अपराध होत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींची सनद जपणारें घर वीस वर्षांपूर्वींचें चिठ्ठीबुक पुड्या बांधावयास देतें, कारण तें ऐतिहासिक आहे असें त्यास कोणी सांगितलेलेंच नसतें.

या कागदांपासून काय मिळेल? चिठ्ठीबुकांतील तारखांवरून साथ केव्हां चढली व केव्हां उतरली, याचा पडताळा सरकारी अहवालांशीं घेतां येईल. पावत्यांवरून मुंबईचा माल कोणत्या वर्षीं अधिक येऊं लागला व बाहेर देशचा कोणत्या वर्षीं कमी झाला, हें कळेल. उधारीच्या खात्यांवरून कपाशीच्या भावाचा आणि औषध घेण्याच्या ऐपतीचा संबंध उकलेल. दुकानांतच मिश्रण बनवून, बाटलीस खांचेदार कागदी पट्टी चिकटवून डोस दाखविण्याची जी रीत होती, ती कारखान्याच्या गोळ्यांपुढें केव्हां मागें पडली, हें अशाच कागदांवरून ठरेल. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनमापें आलीं. तेव्हां ग्रेन व ड्रॅम यांचीं ग्रॅम व मिलिलिटर कशीं झालीं, हेंही तेथेंच सांपडेल. जुन्या वह्या मोडींत, तर कांहीं पेढ्यांच्या गुजरातींत किंवा महाजनी अक्षरांत असण्याचा संभव आहे. तीं वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत, हें वाचकांस सांगावयास नकोच.

अमेरिकेंत हें काम वेळीं ओळखलें गेलें. औषधव्यवसायाच्या इतिहासाची एक स्वतंत्र संस्था विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथें १९४१ मध्यें, म्हणजे साखळ्यांचा पसारा वाढत असतांनाच, स्थापन झाली. आपल्याकडे अशा स्वतंत्र संस्थेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दप्तरें शोधीत गांवोगांव हिंडण्याचा धडा वि. का. राजवाडे यांनीं घालून दिला आहे. त्यांचा अंत ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास झाला आणि पुढील वर्षीं तेथेंच त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें. खानदेशांतील पेठांचे आधुनिक कागद राखण्यास असें स्थळ जवळ असतांना ते रद्दीच्या काट्यावर जावेत, हें उचित नव्हे.

संग्राहकांसाठीं तीन व्यावहारिक सूचना करतों. पहिली : दुकान विकलें जात असेल, वांटणी होत असेल किंवा हिशेब संगणकावर जात असेल, तेव्हांच मालकास भेटावें, एकदां माळा रिकामा झाला कीं विचारून उपयोग नाहीं. संगणकावरील नोंदीही कागदावर उतरवून मागाव्या, कारण हिशेबाची यंत्रणा बदलली म्हणजे जुनी नोंद उघडेलच असा भरंवसा नसतो. दुसरी : निवडक ‘मजेदार’ चिठ्ठ्या काढून घेऊन बुक फोडूं नये, अशा दप्तराचें मोल सलग नोंदींत असतें, एकेका पानांत नसतें. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची : या कागदांत रोग्यांचीं नांवें व रोग असतात. तीं माणसें किंवा त्यांचीं मुलें हयात असतां नांवें प्रसिद्ध करूं नयेत. दप्तर मोहोरबंद ठेवावें, मुदत घालावी, आणि दात्यास तसें लिहून द्यावें. हा विश्वास पाळला नाहीं तर पुढचें दुकान आपणांस दार उघडणार नाहीं.

धरणगांवच्या कापडाच्या व्यापाराची हकीकत आपणांस सातासमुद्रांपलीकडील कचेरींतून मिळवावी लागली, कारण ती सांगणारे कागद तेथेंच राखले गेले. या शतकांतील औषधांच्या व्यापाराचे कागद कोणत्या मुख्य ठाण्यास जातील, आणि तें ठाणें ते राखील कीं पुसून टाकील, हें आपल्या हातीं नाहीं. माळ्यावरचें गाठोडें मात्र अद्याप आपल्या हातीं आहे. तें उतरवून घेण्याचें काम ज्या गांवीं जो सभासद राहतो त्यानें त्या गांवीं करावें, आणि सांपडलेल्या दप्तराची यादी मंडळाकडे पाठवावी.